जननेंद्रियावरील चामखिळी, मलम आणि त्याचा दाह : एका उपचाराची हकीकत

२०२४ या वर्षात मी जननेंद्रियाच्या भोवती उगवलेल्या चामखिळींवर उपचार घेतले. आता त्या गेल्या आहेत आणि आवश्यक त्या तपासण्याही पूर्ण झाल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उपचार सुरू असताना मी मराठीत बरेच शोधले. आजार कशामुळे होतो याची माहिती मिळाली. परंतु मलम लावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्वचा सोलवटू लागते तेव्हा थांबायचे की नेटाने लावत राहायचे, हे सांगणारे काही सापडले नाही. माझ्या अनुभवात हाच प्रश्न सर्वांत कठीण होता, म्हणून या लिखाणाचा मोठा भाग त्यासाठीच खर्च करणार आहे. मी नगर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, विवाहित आहे आणि वयाची तिशी ओलांडलेली आहे. याहून अधिक ओळखीची गरज नाही.

संक्रांतीच्या सुमारास आंघोळ करताना बाहेरच्या त्वचेवर दोन-तीन मऊ, खरखरीत उंचवटे हाताला लागले. दुखत नव्हते, खाजत नव्हते. केस काढल्यामुळे पुळ्या आल्या असतील असे समजून काही दिवस वाट पाहिली. पण पुळ्या बसल्या असत्या, हे मात्र जानेवारीच्या अखेरीस वाढले आणि त्यांच्या शेजारी आणखी बारीक कोंब दिसू लागले. आपल्याकडे चामखिळीला चुना आणि सोडा लावण्याची किंवा घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हातापायांवरही ते करू नये. या नाजूक जागी तर ते जखमेला आमंत्रणच आहे. पायाच्या कुरूपासाठी दुकानात मिळणारे सॅलिसिलिक आम्लाचे औषधही इथे वापरायचे नसते. माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी पाहताक्षणी हे दोन्ही सांगितले, स्वतः कोणतेही औषध दिले नाही आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचा हा निर्णय मला आजही मोलाचा वाटतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असे लिहिलेले असते, आणि त्या पाटीखालून आत जाताना पाऊल जड होते हे मी नाकारणार नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. तपासणी शुल्क सहाशे रुपये होते आणि दीड-दोन तास बसावे लागले. स्वागतकक्षात सर्वांसमक्ष ‘काय होतंय?’ असे विचारले गेले, तेव्हा मी ‘त्वचेची तक्रार आहे, मॅडमनाच सांगेन’ असे उत्तर दिले. एवढे उत्तर पुरेसे असते, त्यापुढे विचारण्याचा अधिकार त्या खिडकीला नाही. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर वेळ घेतानाच फोनवर विचारून घ्यावे, आणि तपासणीच्या वेळी परिचारिका सोबत असावी असे वाटत असेल तर तसे सांगावे. कोणी वाईट मानत नाही.

डॉक्टर मॅडमनी चांगल्या प्रकाशात, भिंगातून पाहून निदान केले. या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी त्यांतील ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचा मुख्य संबंध आहे ते १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. ही एक गोष्ट ऐकून माझ्या छातीवरचे ओझे बरेच उतरले. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की, योनिमुखाशी काही स्त्रियांना निसर्गतःच बारीक, रांगेत असलेले मऊ उंचवटे असतात, पुरुषांनाही शिश्नमुंडाच्या कडेला मोत्यांसारख्या पुळ्यांची रांग असू शकते. ते दोन्ही निरोगी असते आणि त्यावर औषध लावल्यास केवळ जखमा होतात. त्यामुळे छायाचित्रांशी तुलना करून स्वतःच निदान करणे धोक्याचे आहे.

उपचाराआधी त्यांनी एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, आणि कावीळ ‘ब’ अशा तपासण्या लिहून दिल्या, शिवाय गर्भधारणा नाही याची खात्री करायला सांगितली. सिफिलिसमध्येही या भागात चपट्या, ओलसर चामखिळींसारखे उंचवटे येतात, पण त्याचा उपचार इंजेक्शनने होतो, मलमाने नव्हे. म्हणून ती तपासणी टाळायची नसते. खाजगी प्रयोगशाळेत या सगळ्याला चांगलाच खर्च आला असता. त्याऐवजी मी एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून जिल्हा रुग्णालयात गेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झालेले आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते. तिथे समुपदेशक ताईंनी दार लावून घेतले, तपासणी कशाची आहे हे सांगितले, संमतीच्या कागदावर सही घेतली, आणि नंतर रक्त घेतले. संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे; २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच तसे आहे. अहवाल दुपारपर्यंत मिळाला. शेजारीच ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे, जिथे लैंगिक संसर्गांचे उपचार मोफत मिळतात. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी थेट तिथे जावे. निघण्यापूर्वी १०९७ या मोफत मदतवाहिनीचा क्रमांक ताईंनी कागदावर लिहून दिला. सर्व अहवाल निर्दोष आले. एचआयव्हीची चाचणी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली आणि ती मी मे महिन्यात केली.

समुपदेशक ताईंना मी जो प्रश्न विचारला तो बहुतेक सगळे विचारत असावेत : हे कोणाकडून आले? त्यांनी शांतपणे सांगितले, ‘ताई, ते कुणालाच सांगता येत नाही.’ विषाणू शरीरात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते कित्येक महिने जातात, क्वचित वर्षेही जातात. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक माणसांच्या शरीरात आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्ही येऊन जातो आणि बहुतेकांना तो कळतही नाही. त्याच रात्री मी हे सगळे याच क्रमाने नवऱ्याला सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की मलाही तपासून घ्यावे लागेल का. पुढच्या आठवड्यात ते तपासून आले. त्यांना काहीही दिसत नव्हते, आणि दिसत नसेल तर औषध देत नाहीत. संशयाने घर पोखरण्याआधी ही माहिती दोघांनी एकत्र बसून ऐकली पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते. शक्य असल्यास समुपदेशनाला जोडीनेच जावे.

पहिला उपचार ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचा झाला. हे ८० ते ९० टक्के तीव्रतेचे आम्ल असते आणि ते फक्त डॉक्टरच लावतात. भोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलीनचा थर देऊन, कापूस गुंडाळलेल्या काडीने नेमके चामखिळीवर टेकवले की ती जागा काही क्षणांत पांढरी पडते. जळजळ तीव्र होती. पाच-दहा मिनिटे मी टेबलाची कड घट्ट धरून होते. आम्ल जास्त लागले तर निष्प्रभ करायला खाण्याचा सोडा किंवा साबणाचे पाणी हाताशी ठेवलेले असते. नंतर तिथे वरवरची जखम होऊन खपली धरली आणि आठ-दहा दिवसांत पडली. एका वेळचे आठशे रुपये झाले. गर्भवती स्त्रियांनाही हा उपचार देता येतो, म्हणून ज्यांना तशी शक्यता आहे त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. माझ्या मोठ्या चामखिळी त्याने गेल्या. परंतु मार्चमध्ये बाजूला नव्या, बारीक, विखुरलेल्या उगवल्या. त्या प्रत्येकीला आम्ल लावत बसणे शक्य नव्हते.

मार्चअखेरच्या भेटीत मॅडमनी बाकीचे पर्याय समोर मांडले. पोडोफायलिन ही एका वनस्पतीच्या मुळांपासून काढलेली राळ असून तिचा एक स्रोत आपल्याच हिमालयात उगवणारी बनककडी आहे. चामखिळींवर तिचा उपयोग १९४२ पासून वैद्यकात नोंदलेला आहे. ती डॉक्टरच लावतात आणि एक ते चार तासांत धुऊन टाकावी लागते. गर्भारपणात ती पूर्णपणे वर्ज्य आहे. तिच्यातील शुद्ध घटक म्हणजे पोडोफायलोटॉक्सिन. ते घरी लावता येते, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आणि मग चार दिवस विश्रांती अशा फेऱ्यांनी, पण तेही गर्भारपणात चालत नाही. परदेशात हिरव्या चहाच्या अर्कापासून केलेले मलमही वापरतात. आम्ही मूल हवे की नको याचा विचार त्या काळात करत होतो, म्हणून पोडोफायलिनचे दोन्ही प्रकार बाजूला पडले आणि इमिक्विमॉड ५ टक्के मलम ठरले. त्यावरही गर्भधारणा राहू न देण्याची सूचना होतीच.

इमिक्विमॉड अमेरिकेत १९९७ मध्ये या आजारासाठी मंजूर झाले. ते विषाणूला थेट मारत नाही. त्वचेतील प्रतिकारशक्तीला जागे करते, ती इंटरफेरॉनसारखी द्रव्ये सोडते आणि शरीर स्वतःच चामखीळ नष्ट करते. हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण लाली आणि खाज हा त्या जाग येण्याचाच भाग असतो. मूळ चाचण्यांत सोळा आठवड्यांच्या मुदतीत पूर्ण साफ झालेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते, पुरुषांचे सुमारे एकतृतीयांश. आणि साफ झालेल्या स्त्रियांना त्यासाठी साधारण आठ आठवडे लागले होते. हे आकडे मॅडमनी सांगितले म्हणून पुढे महिनाभर काहीच गुण दिसला नाही तरी मी धीर सोडला नाही.

सोमवार १ एप्रिलला मी सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, रात्री झोपताना. जागा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची, पुडी फोडून अगदी थोडे मलम बोटावर घ्यायचे, फक्त चामखिळींवर लावून ते दिसेनासे होईपर्यंत चोळायचे, हात धुवायचे, आणि सहा ते दहा तासांनी सकाळी साबण-पाण्याने धुऊन टाकायचे. मलम योनीच्या आत जाऊ द्यायचे नाही. जागा झाकून पट्टी बांधायची नाही. सुती, सैल कपडा पुरे. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही. एका पुडीतले उरलेले मलम पुन्हा वापरायचे नसते, ते टाकून द्यायचे. पुडीमागे शंभर-सव्वाशे रुपये मोजलेले असल्यामुळे जीव तुटतो, पण उघडी पुडी ठेवू नये. वेष्टनावर २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना होती आणि नगरचा एप्रिल तर चाळिशीला टेकलेला, त्यामुळे पुड्या एका स्टीलच्या डबीत घालून फ्रिजच्या दारात ठेवल्या. गोठू मात्र द्यायच्या नाहीत. मलम लावलेल्या रात्री संबंध ठेवायचा नाही. मलमामुळे निरोध कमकुवत होतो. निरोधाने संसर्गाची शक्यता कमी होते, पण न झाकलेल्या त्वचेतून विषाणू जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

पहिले दोन आठवडे काहीच झाले नाही. गुढीपाडवा गेला, रामनवमी गेली. तिसऱ्या आठवड्यात लाली आली, मग खाज. चालताना कपडा घासला की चरचर होई. चौथ्या आठवड्यात त्वचा वरवर सोलवटली आणि लघवी करताना असे झोंबू लागले की मी पाणी पिणे टाळावे असे मनात येई. पाणी कमी केले की लघवी अधिक तीव्र होते आणि अधिक झोंबते, म्हणून उलट भरपूर पाणी प्यावे आणि लघवी करताना कोमट पाण्याची धार सोडत राहावी. हा उपाय साधा आहे आणि मला त्याने सर्वांत जास्त आराम मिळाला. त्याच आठवड्यात एका सकाळी अंग मोडून आले, कणकण वाटू लागली, जांघेत गाठ हाताला लागली. मी घाबरले. हा मलमाचा परिणाम आहे की नवाच संसर्ग, हे कळेना. आणि ज्या जागेबद्दल घरात सासूबाईंशीही बोलता येत नाही त्या जागेचे दुखणे घेऊन दिवसभर वर्गात उभे राहायचे, ही गोष्ट शरीरापेक्षा मनाला जास्त थकवते.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी जे सांगितले ते मला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मिळायला हवे होते, म्हणून इथे जसेच्या तसे मांडते. लाली, खाज, हलकी जळजळ, साल निघाल्यासारखी कोरडी त्वचा, थोडे खपलीदार होणे हे अपेक्षित आहे. सहन होत असेल तर उपचार चालू ठेवायचा. ओली उघडी जखम, रक्त किंवा स्राव, सूज, लघवीला त्रास, ताप किंवा फ्लूसारखी अंगदुखी यांपैकी काहीही आले तर मलम त्याच दिवशी थांबवायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. बाहेरची सूज इतकी वाढली की लघवी होणेच कठीण झाले, तर रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालय गाठायचे. थांबणे म्हणजे उपचार मोडणे नव्हे. त्वचा भरून येईपर्यंत काही दिवसांची, आवश्यक तर दोन आठवड्यांची विश्रांती हा या उपचाराचा मान्य भाग आहे आणि त्यानंतर पुन्हा सुरुवात करता येते. ‘जास्त होरपळलं म्हणजे लवकर बरं होईल, असं काही नाही,’ हे त्यांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. अंगदुखी आणि गाठही मलमामुळेच होती व ते थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत उतरली.

विश्रांतीच्या काळात दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे, मऊ सुती कापडाने न घासता टिपून कोरडे करणे, आणि सोललेल्या जागी साधे व्हॅसलीन लावणे एवढेच केले. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. सुगंधी साबण, डेटॉल, पावडर, ओले टिश्यू यांपैकी काहीही नाही. एक सूचना विशेष ठळकपणे लिहिते : औषधाच्या दुकानात ‘खाज आहे’ म्हटल्याबरोबर स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली ट्यूब हातात ठेवतात. ती लावू नये. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते आणि इमिक्विमॉडचे सगळे काम प्रतिकारशक्ती जागी ठेवण्याचे आहे. शिवाय त्या नाजूक त्वचेवर स्टिरॉइडने कायमचे पातळपण येऊ शकते.

या सगळ्यात लोकसभा निवडणुकीची ड्युटी आली. आमच्याकडे १३ मे रोजी मतदान होते. शिक्षकांना आदेश येतो, प्रशिक्षणे होतात, आदल्या दिवशी यंत्रे आणि साहित्य ताब्यात घेऊन ठरलेल्या बसने केंद्रावर जायचे, मतदानाच्या दिवशी पहाटे अभिरूप मतदान, सात ते सहा मतदान, आणि नंतर सगळे जमा करून घरी यायला रात्र उलटते. मधल्या वेळात स्वच्छतागृह मिळेल ते. वैद्यकीय कारणासाठी नाव वगळून घ्यायचे तर प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा लागतो आणि तो कागद अनेक ओळखीच्या हातांतून फिरतो. मॅडम म्हणाल्या की प्रमाणपत्रावर ‘त्वचादाह’ एवढेच लिहिता येईल, नेमक्या जागेचा उल्लेख करण्याची गरज नसते. हे ज्यांना रजेसाठी लागेल त्यांनी जरूर लक्षात ठेवावे. परंतु मी दुसरा मार्ग निवडला. २ मेपासून शाळेला सुटी लागलीच होती. एप्रिलअखेर थांबवलेले मलम निवडणूक होईपर्यंत सुरूच करायचे नाही असे ठरवले, मॅडमनी त्याला संमती दिली, आणि तेवढ्या दिवसांत त्वचा पूर्ण भरून आली. १२ मेला मी साहित्य घेण्याच्या रांगेत उभी राहिले तेव्हा दुखत नव्हते. नोकरी, परीक्षा, लग्नकार्य, लांबचा प्रवास अशा ठरलेल्या तारखा असतील तर त्या डॉक्टरांना आधी सांगाव्यात. तीव्र दाह साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतो असे गृहीत धरून सुरुवातीची तारीख ठरवता येते.

मतदानानंतर पुन्हा सुरुवात केली, या वेळी आठवड्यातून दोनदाच, आणि सहा तासांनी पहाटेच उठून धुऊन टाकायचे. दाह आला, पण सहन होण्याजोगा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा बारीक चामखिळी सुकून सपाट झाल्या होत्या, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मॅडमनी भिंगातून पाहून एकही उरली नसल्याचे सांगितले. सोळा आठवड्यांची कमाल मुदत तेव्हा संपतच आली होती. त्यापलीकडे हे मलम ओढत न्यायचे नसते. गुण आला नसेल तर उपचार बदलायचा असतो.

त्वचेवर जिथे दाह जास्त होता तिथे फिकट पांढरे डाग राहिले. इमिक्विमॉडमुळे त्वचेचा रंग जाऊ शकतो, काहींचा तो परत येत नाही, हे पुडीसोबतच्या पत्रकात लिहिलेले असते. सावळ्या त्वचेवर ते उठून दिसते. आपल्याकडे पांढरा डाग म्हटले की मनात कोडाची भीती येते, म्हणून सांगते की माझे डाग औषध लागले तेवढ्याच जागी राहिले, पसरले नाहीत, आणि वर्षअखेरीस त्यांतला बराच भाग पुन्हा भरत आला. हा परिणाम ज्यांना मान्य नसेल त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून अन्य पर्याय निवडावा.

चामखीळ जाते, विषाणू त्याच दिवशी जातोच असे नाही. उपचारानंतर पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा उगवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि ती कोणत्याही उपचारात असते. मलाही गणपतीनंतर सप्टेंबरमध्ये एक उगवली. मॅडमनी ती द्रवरूप नायट्रोजनने गोठवली. हा नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. काही सेकंद टोचल्यासारखी कळ आली, दुसऱ्या दिवशी फोड आला आणि दोन आठवड्यांत जागा स्वच्छ झाली. त्यासाठी बाराशे रुपये लागले. पुन्हा उगवणे म्हणजे आधीचे सगळे व्यर्थ गेले असे त्या दिवशी मला वाटले होते, आणि मॅडमनी तपासणीच्या टेबलापाशी उभ्या राहूनच ते खोडून काढले : आधी विखुरलेल्या अनेक होत्या, आता एक आहे, आणि शरीर विषाणूला हळूहळू आवरते आहे. त्यानंतर काहीही उगवलेले नाही. वर्षभराचा एकूण खर्च दहा हजारांच्या आसपास गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा पुड्यांचा होता.

नोव्हेंबरमध्ये मी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली. चामखिळींचे प्रकार वेगळे असले तरी एकाच व्यक्तीत एचपीव्हीचे एकाहून अधिक प्रकार असू शकतात. आणि चामखीळ असो वा नसो, तीस वर्षांवरील स्त्रियांनी ही तपासणी करायचीच असते. सरकारी रुग्णालयात अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत मोफत उपलब्ध आहे. ती काही मिनिटांत होते. माझा अहवाल सामान्य आला. लशीबद्दलही विचारले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली असून ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे, म्हणजे कर्करोगासोबत चामखिळींपासूनही संरक्षण देते. झालेला आजार लशीने बरा होत नाही, आणि सर्व्हावॅक ९ ते २६ या वयोगटासाठी आहे. माझ्या नणंदेची मुलगी बारा वर्षांची आहे. चौदा वर्षांपर्यंत दोनच मात्रा लागतात, पंधरानंतर तीन. नणंदेला मी माझ्या आजाराचे काही न सांगता केवळ लशीची माहिती दिली, आणि भाचीचा पहिला डोस डिसेंबरमध्ये झाला.